सुटलेलं एक नाव

प्रिय दादा,

आई म्हणते, तुझा खोकला गेला. मला तू काही कळवत नाहीस, आणि इथली तुझी नोकरी गेल्यापासून मी तरी कुठल्या तोंडाने विचारणार? सकाळपासून तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. चहा गार झाला तो वेगळाच.

ऑफिसात तुझ्या खुर्चीवर आता एक टापटीप बाई बसतात. काल त्यांना उसन्या कोडची भानगड समजावत होते. आपल्या प्लगिनमध्ये, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायच्या आपल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्रऱ्या असतात, शेजारच्या प्लगिनमध्येही त्याच, पण जुन्या आवृत्तीच्या. नावं सारखी, म्हणून एकमेकींच्या झिंज्या उपटतात. त्यावर तुझा उपाय म्हणजे आपल्या प्रतीतल्या प्रत्येक नावाआधी आपलं नाव जोडायचं. वर्गात एकाच नावाच्या दोघी असल्या की शिक्षक आडनावासकट हाक मारतात, तसं. बाईंना पटकन कळलं. मला मात्र पुढे बोलवेना.

कारण पुढे तो दवाखाना येतो. नावं जोडायचं काम तुझं टूल करतं, पण अवतरणचिन्हांत साधा मजकूर म्हणून लिहिलेलं नाव त्याच्या नजरेतून सुटतं. तसं नाव असलेली ती ओळ मी लिहिली होती, दादा. माझ्या मशिनवर लायब्ररीची जुनी, नाव न जोडलेली प्रत तशीच पडून होती, म्हणून सगळं बिनबोभाट चाललं. कोऱ्या मशिनवर तपासायचं, हा तुझा नियम. मी कंटाळा केला आणि तुला ठोकून दिलं की तपासलंय. तू विश्वासाने प्लगिन दवाखान्याला पाठवलंस. तिथल्या मशिनवर ती जुनी प्रत नव्हती, म्हणून दवाखान्याची नोंदणी सकाळभर बंद, पेशंट दारात ताटकळलेले, आणि साहेबांसमोर तू म्हणालास, "पाठवलं मी. जबाबदारी माझी." मी मूग गिळून बसले. तुला घरी बसवलं आणि तुझं काम माझ्याकडे आलं.

आठ महिने मनाची समजूत घालत होते, की ओळ कोणाची ते तुला कळलंच नसेल. काल बाईंना दाखवायला म्हणून बदलांची जुनी नोंद उघडली. तुझ्या शेवटच्या दिवशी, दुपारी, माझ्या नावावर नोंदलेली ती ओळ तू दुरुस्त केली होतीस. खाली शेरा होता, "चूक माझी." म्हणजे तुला ठाऊक होतं. असा राग आला तुझा, आणि असं रडू आलं म्हणून सांगू. आज साहेबांना सगळं सांगितलं. ते तुला फोन करतील, खरं काय ते विचारतील. दादा, या वेळी मला पाठीशी घालू नकोस.

तुझीच,
धाकटी