निष्पक्ष सदस्याचं सुगंधी उद्यान

४ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोज पाच ओळी लिहायच्या. जास्त नाही, कमी नाही.
निधी समितीवर निवड झाली. गेल्या वर्षी कारखान्याची टाकी फुटून वायू पसरला, अकरा माणसं गेली. कोर्टात तडजोड झाली. घरोघरची भरपाई वेगळी. हा पैसा गावाच्या सामायिक कामासाठी. समितीत सात जण. सहा बाधित. सातवा निष्पक्ष, म्हणजे ज्याच्या घराला काहीही झालेलं नाही असा. तो मी.
प्रतिज्ञापत्रावर सही केली : ‘मला व माझ्या कुटुंबातील कोणासही सदर दुर्घटनेमुळे अपाय झालेला नाही.’ सहीपूर्वी मसुद्यातल्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या. कारकुनाने आभार मानले नाहीत.
हिने कागद वाचला. खोकत वर गेली. घरात धूळ फार झाली आहे. (ओळी पाचपेक्षा जास्त. उद्यापासून.)

७ फेब्रुवारी
हिचं नवीन खूळ : बाधितांच्या यादीत नाव घालायचं. यादीत नाव असलं की तपासणी केंद्रात औषधोपचार फुकट. समजावून सांगितलं, तुझं नाव गेलं की मी निष्पक्ष राहत नाही. मग उरतात सहा, आणि मतं समसमान पडली तर समितीने करायचं काय? ही म्हणाली, “चिठ्ठ्या टाकतील. माझ्या छातीत काय टाकू ते सांगा.”
जिना चढताना दोनदा थांबते. वय. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे हे मान्य, पण प्रत्येकाचं वय सारखं वाढत नाही.
संकल्प : घरात समितीचा विषय काढायचा नाही.

१२ फेब्रुवारी
प्रस्ताव पूर्ण. सुगंधी उद्यान. कारखान्याच्या भिंतीमागची मोकळी जागा. गुलाब, मोगरा, लॅव्हेंडर, ऋतुवार, वाऱ्याची दिशा धरून. अडतीस पानं, शेवटी सूची. वनस्पतिशास्त्र मला कोणत्याही प्राध्यापकाने शिकवलेलं नाही. वाचनालयाच्या पुस्तकांवरून शिकलो. म्हणून पक्कं आहे.
मूळ कल्पना : लोकांच्या मनातून तो वास जात नाही. वासानेच वास काढायचा.
दरम्यान दूध जळलं. मी स्वयंपाकघरातच लिहीत होतो, शेगडीकडे पाठ करून. शेजारीण दार ठोठावत आली तेव्हा कळलं. एकाग्रता म्हणतात ती हीच.

१३ फेब्रुवारी
हिने पातेलं टाकून दिलं. दोन वेळा विचारलं, “अहो, वास कसा नाही आला?” सांगितलं, एकतिसाव्या पानावर होतो.

२० फेब्रुवारी
सभा. इतर प्रस्ताव ऐकले. वाचनालयाची इमारत (ठीक). खेळाचं मैदान (नेहमीचंच). आणि समितीतल्या टेम्पोवाल्याचा : भिंतीमागचा नाला झाकणे. एवढा निधी आणि मागणी काय, तर झाकण!
टेम्पोवाल्याचा धाकटा भाऊ त्या अकरांत होता. तो विषय तो कधी काढत नाही. नुसतं नाला, नाला. मी सभेत म्हटलं, माणसाला दृष्टी हवी. तर म्हणतो, “काका, दृष्टी तुमची झकास आहे. बाकीचं एकदा तपासून घ्या.” अध्यक्षबाई जन्मभर मुख्याध्यापिका, तरी हसल्या. शिस्त उरली नाही.

१ मार्च
जागेची पाहणी. समितीने करावी असा आग्रह माझाच होता. अत्यंत यशस्वी.
गाडीतून उतरताच सगळ्यांनी रुमाल काढले. मी नाल्याच्या काठावर उभा राहून गुलाबाची रांग कुठून कुठे जाईल ते दाखवलं, पावलं टाकून मापंही दिली. बाईंचे डोळे पाणावले. समितीतले वकीलसाहेब भिंतीआड गेले, बराच वेळ आले नाहीत. सभा एवढी गहिवरलेली मी पाहिली नव्हती.
परतताना टेम्पोवाला शेजारी बसला. म्हणाला, “काका, खरं सांगा. तुम्हाला काहीच येत नाही?” म्हटलं, मला सगळं येतं, लॅटिन नावांसकट. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी मला देऊ केलं. मला तहान नव्हती. तरी प्यायलो.

४ मार्च
ही जिन्यातच बसली. ओठ निळसर दिसले. जिन्यात उजेड कमी आहे. शेजारणीने पाठ चोळली. शेजारीण माझ्याकडे बघून म्हणाली, “भावजी, आता तरी दवाखान्यात न्या.” मतदानानंतर नेतो म्हणालो. मतदान पंधराला आहे. अकराच दिवस.
जिन्याच्या वळणावर एक खुर्ची बसते का ते मोजून पाहिलं. बसते. प्रश्न मिटला.
भाषणाचा दुसरा खर्डा तयार.

९ मार्च
ही आज न सांगता अध्यक्षबाईंकडे गेली. टेम्पोवाल्याने टेम्पोतून नेलं, म्हणजे कट आहे. यादीत नाव घालून आली. एक नाही, दोन. दुसरं माझं!
विचारलं, मला काय झालंय? ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या दिवशी गच्चीवर पिवळा धूर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, धुकं आहे. याच आवाजात म्हणालात. मी ऐकलं आणि उभी राहिले. आता नाही ऐकणार.”
आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.
त्या महिन्यात धुकं पडू शकतं. पुस्तकात पाहिलं.
संध्याकाळी बाईंचं पत्र : आपली जागा रिक्त झाली आहे, आजवरच्या कष्टांबद्दल आभारी आहोत. ‘कष्टांबद्दल’ बरोबर लिहिलंय.

१५ मार्च
मतदान माझ्याशिवाय. घरी होतो. भाषण कपाटाच्या आरशासमोर करून पाहिलं. सतरा मिनिटं. ही दाराशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. म्हणाली, “छान लिहिलंय.” मग खोकली.
निकाल : नाला पाच, वाचनालय एक, उद्यान शून्य.
शांतपणे विचार केला. नाला झाकल्याशिवाय उद्यान होणारच नव्हतं. म्हणजे माझ्या योजनेचा पहिला टप्पा मंजूर झाला आहे. टेम्पोवाल्याला अभिनंदनाची चिठ्ठी पाठवली, सोबत गुलाबाच्या रांगेचा नकाशा. उत्तर आलं : “काका, मंगळवारी दोघांना न्यायला येतो. तयार राहा.”

१८ मार्च, मंगळवार
तपासणी केंद्र. आधी हिची तपासणी. एका नळीत फुंकायला लावलं. आकडा बघून नर्सने डॉक्टरांना हाक मारली. श्वासाचा पंप दिला, दर आठवड्याला बोलावलं आहे. आधी का नाही आलात, असं डॉक्टरांनी हिला विचारलं. ही म्हणाली, “घरचं काम होतं.”
मग मी. केवळ औपचारिकता म्हणून. नर्सने डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली एकेक बाटली धरली, काय आहे ते ओळखा म्हणाली. पहिली : पाणी. दुसरी : पाणी. तिसरी : पाणी. चौथीला शेजारी हिची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. पाणी. पाचवी : पाणी.
डोळे उघडले. हिने नाकाला रुमाल लावला होता. चौथीत काय होतं विचारलं. ही म्हणाली, “रॉकेल.” नर्सला म्हटलं, पुन्हा द्या. तिने दिली. बराच वेळ धरली. बाटली निळी होती, झाकण पांढरं.
नर्सने विचारलं, हे कधीपासून?
हिने तारीख सांगितली.
तारीख बरोबर आहे.