अकरावा चेक

मी, धोंडिबा सोनबा रणपिसे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर, राहणार महर्षीनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरी कोणी येतही नाही.

१. राहता फ्लॅट आणि खात्यातील शिल्लक माझी नात ऋतुजा हिला द्यावी. ती सज्ञान होईपर्यंत माझी सून शर्मिला हिने सांभाळावी, मुलाने नव्हे. फ्लॅट विकायचा तर खुशाल विकावा. पण मार्केट यार्डात नवा गूळ येतो तेव्हा एकदा खिडकीशी येऊन बसावे. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो.

२. शाळेतल्या कवितांची वहीही ऋतुजालाच. पहिली ते सातवीच्या सगळ्या कविता मी तीत उतरवल्या आहेत. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की मी एक ओळ म्हणायचो, मुलगा समाधान पुढची म्हणायचा. अडला की त्याची आई राधा आतून ओरडायची, "अहो, पोराला आधी जेवू द्या, मग पास करा!" राधा गेली त्याला अकरा वर्षे झाली. आवाज अजून तिथूनच येतो.

३. मुदत ठेवीतले पंचवीस हजार लोणी काळभोरच्या सरूबाईंना रोख द्यावेत. चेकने नको. कारण असे, की १९८४ साली एका सकाळी त्या माझ्या काउंटरवर आल्या. हातात नवऱ्याने आदल्या दिवशी सही करून दिलेला बेअरर चेक, म्हणजे जो आणील त्याला पैसे. सही जुळली, तारीख बरोबर, शिल्लक होती. मी टोकन देणार तोच त्या म्हणाल्या, "बिगीनं करा सायेब. मालक पहाटं गेलं. माणसं खोळंबल्यात."

खातेदार वारल्याचे कळले की त्याच्या सहीचा चेक बँकेने वटवायचा नाही, असा नियम आहे. मी म्हणालो, "बाई, हे मला सांगायला नको होतंत."

"मग काय खोटं बोलू?"

चेक परत केला. संध्याकाळी घरी ही गोष्ट मी जरा ऐटीतच सांगितली. समाधान तेव्हा दहा वर्षांचा होता. घास हातात धरून ऐकत होता.

४. मुलगा समाधान, नोकरी हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत, यास काहीही देत नाही. नातेवाइकांनी तर्क लढवू नयेत म्हणून कारण लिहितो. ऑगस्ट २००६ मध्ये माझ्या हृदयाचे ऑपरेशन झाले. आदल्या दिवशी मी एक कोरा बेअरर चेक सही करून त्याच्या हाती दिला. म्हटले, औषधांना लागले तर भर. कोऱ्या चेकवर सही करू नका, असे उभा जन्म लोकांना बजावणारा मी. पण मुलगा म्हणजे काय लोक?

सकाळी स्ट्रेचरवर भीती वाटू लागली, म्हणून चौथीतली नदीची कविता म्हणू लागलो. तिसरी ओळ आठवेना. "समाधान, पुढची ओळ काय रे?"

सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, मुलगा बँकेत गेलाय. येईल हं."

काउंटरवर माझा जुना सहकारी श्रीनिवास होता, पुढचे त्याने सांगितले. दहाला दार उघडले तेव्हा समाधान रांगेत पहिला. दोन लाख अकरा हजार काढले. पाचशे मागे ठेवले, किमान शिल्लक म्हणून. नियमाचा पक्का. तेव्हा माझी छाती उघडलेली होती.

मी वाचलो, हीच पंचाईत झाली. आठव्या दिवशी त्याने सारे पैसे परत भरले, एक रुपया कमी नाही. तेव्हा हा पैशांचा तंटा नव्हे. विचारले तर म्हणाला, "बाबा, सरूबाईंची गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना? तुम्हाला काही झालं असतं तर खातं अडकलं असतं. मला त्या बाईसारखं उभं राहायचं नव्हतं. प्रॅक्टिकल विचार करा."

मी म्हणालो, "मग मेलेल्या बापाच्या घरी येतोस कशाला?"

तेव्हापासून तो आलेला नाही. हेही लिहून ठेवतो.

५. टेबलाच्या खणात समाधानच्या नावाचा, सही केलेला, तारीख घातलेला दोन लाख अकरा हजारांचा चेक आहे. चेक सहा महिने चालतो. फेब्रुवारी २००७ पासून मुदत संपली की जुना फाडतो, नवा लिहितो. हा अकरावा. त्याने स्वतः यावे, माझ्या हातून घ्यावा आणि ती तिसरी ओळ म्हणावी, एवढेच मनात होते. फोनवर ओळीचे बोललो नाही. म्हणालो, "तुझा चेक आहे, घेऊन जा." तो म्हणाला, "चेक कोण वापरतं आता, बाबा? ऑनलाइन टाका ना."

येत्या एक एप्रिलपासून चेक तीनच महिने चालणार, अशी पाटी बँकेत लागली आहे. म्हणजे वर्षातून चारदा लिहावा लागेल. लिहीन.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीनिवासने करावी. हे उघडले जाईल तेव्हा खणातल्या चेकची मुदत कदाचित शिल्लक असेल. सही जुळेल, पैसेही असतील. समाधानने तो घेऊन काउंटरवर जाऊ नये. गेलाच, तर सरूबाई बोलल्या तसे खरे बोलावे.

धोंडिबा सोनबा रणपिसे
(सही)

वरील सही आमच्या समक्ष झाली. आतला मजकूर आम्ही वाचलेला नाही.
१. वेणूबाई किसन ओव्हाळ, शेजारी (सही)
२. पियुष संजय कांबळे, तळमजला (सही)

पुणे, दिनांक १९ फेब्रुवारी २०१२