कूलर लावला की कॉम्प्युटर विसरतो

प्रताप नगर, नागपूर
मे १९८७

आदरणीय गोपाळभाऊ यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा आनंदराव याचा सप्रेम जय भीम. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात माणूस जितका खुशाल राहू शकतो तितके. तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींनी पाठवलेले लोणचे पोचले आणि संपलेही (बरणी परत द्यायची आठवण आहे, कांताला नाही). पत्रास कारण की, आमच्या घरात एक कॉम्प्युटर येऊन बसला आहे. तो ठेवावा की परत करावा, याबद्दल तुमच्यासारख्या पोक्त माणसाचा सल्ला पाहिजे.

तुमची भाची पुष्पलता बी.एस्सी. झाली, पण जुलैत एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवायला मुली घेणार आहेत, आणि घेण्याआधी मशीनवर बसवून परीक्षा. पोरीने कॉम्प्युटर फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलेला. हात बसल्याशिवाय ती तिथे काय करणार, डोंबल? म्हणून मी सीताबर्डीवर भैय्याजीकडे गेलो (आपला टीव्ही दुरुस्त करणारा, आता दुकानात कॉम्प्युटरही ठेवतो). त्याने सगळ्यात स्वस्तातला काढून दाखवला. स्वस्त काहून, तर त्यात निम्म्या वस्तू नाहीतच. बटणांचा एक डब्बा तेवढा त्याचा. पडद्याच्या जागी टीव्ही आपला, टेबल आपले, डोके आपले. "घेऊन जा भाऊ, पसंत पडला तं ठेवा, नाही तं सोमवारी आणून द्या," म्हणाला. निघताना एवढेच बजावले, की याला गरमी सहन होत नाही. मी मनात म्हटले, लेका, इथे कोणाला होते?

टीव्ही आणि कूलर एकाच खोलीत, तेव्हा सोय आयतीच होती. मी कूलरचे तोंड टेबलाकडे वळवले. आता त्या तोंडासमोर गेली कित्येक वर्षे आमच्या आईची खाट असते, हे तुम्हाला माहीत आहे (तुम्ही आलात की तुम्हालाही ती तिथे टेकू देत नाही). खाट सरकवल्याबरोबर तिने सुरू केले, "काहून गा आनंदा, तो डब्बा का तुह्या माय-बापाच्या वर झाला? त्याले हवा, अन् मले घाम?" मी तिला विज्ञान समजावू लागलो. तिने कूलरचे तोंड पुन्हा स्वतःकडे वळवून घेतले.

खरी गंमत त्यानंतर. आपल्या घराचे वायरिंग तुम्ही पाहिलेले आहे. कूलर लावला की दिवा डोळा मिचकावतो आणि टीव्हीतली माणसे क्षणभर बुटकी होतात. माणसांचे त्याने काही बिघडत नाही, पण हा कॉम्प्युटर तेवढ्यात सगळे विसरतो. पुष्पलता सकाळभर बसून त्याला काहीतरी शिकवते, तो शहाण्या मुलासारखा शिकतो, आणि आईने कूलरचे बटण दाबले की पडदा कोरा! बरे, आमची आई कूलर एकदा लावून स्वस्थ बसेल तर ती आई कसली. थंडी वाजली की बंद, जीव कासावीस झाला की चालू. (शिकवलेले टेपरेकॉर्डरवर भरून ठेवता येते म्हणतात. आपला टेपरेकॉर्डर शेजारच्या लहानूच्या लग्नात नेला, तो अजून वरातीतच आहे.) शुक्रवारी तर पोट्टीने चक्क डोळे पुसले. मला फार वाईट वाटले, भाऊ. वाटले, तिच्या नोकरीच्या आड माझ्याच घरातले बटण यावे ना!

कांता पहिल्या दिवसापासून विरुद्ध पक्षात. टीव्ही अडकला, मालिका बुडाली, वर घरात रोजचे भांडण. "सोमवारी नाही, आजच नेऊन टाका ते," हेच पालुपद. मग शनिवारी दुपारी पुष्पलतेने काहीतरी बटणे दाबली आणि कांताला हाक मारली, "आई, इकडे ये वं जरा." कांता पदराला हात पुसत आली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत इंग्रजीत एकच शब्द, ओळीमागून ओळ: कांता, कांता, कांता. तुम्हाला आठवत असेल, धाकट्यांना सांभाळायला तिला चौथीतूनच घरी बसवले होते. इंग्रजी अक्षरे ती पोरीच्या पुस्तकातून चोरून शिकलेली. एकेक अक्षरावर बोट ठेवत तिने वाचले, आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तुमची बहीण आपले पालुपदही विसरली! मला तर घाबरायलाच झाले.

तेवढ्यात आईला उकडू लागले आणि ती कूलरकडे निघाली. कांताने धावत जाऊन बटणावर हात ठेवला. "थांबा जी आई, माह्यं नाव जाईन!" आणि हातपंखा घेऊन स्वतःच सासूला वारा घालत बसली. आईने मान वळवून टीव्हीकडे पाहिले. मग म्हणाली, "माह्यं बी लिही वं पोरी." तेव्हापासून बायजाबाई हे नाव पडद्यावर असेपर्यंत आई घामाने निथळते, पण कूलर मागत नाही. दोघी सासवा-सुना दिवसभर आपापली पाळी लावून बसलेल्या असतात. घरात इतकी शांतता मी लग्नापासून पाहिली नव्हती.

तरी पुष्पलतेला नावांच्या पुढचा अभ्यास करायचा आहे, आणि तेव्हा आईला कूलर लागतोच. अशा स्थितीत हा स्वस्त कॉम्प्युटर घेण्यात शहाणपणा आहे का? नीट विचार करून कळवा, घाई नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
आनंदराव

ता. क. भैय्याजी म्हणतो, मध्ये एक स्टॅबिलायझर लावला की कूलरने कॉम्प्युटरचे काही बिघडणार नाही. तुमच्या फ्रिजखाली एक आहे, असे कांता सांगते. त्या फ्रिजात पाण्याच्या बाटल्या आणि वहिनींची मेंदी यापलीकडे काही नसते, असेही तीच सांगते. तुमच्या मौद्याहून इकडे येणाऱ्या कोणाबरोबरही पाठवला तरी चालेल.

आणखी ता. क. वर मागितलेला सल्ला पाठवू नये. आज सोमवारी भैय्याजी डब्बा न्यायला आला होता, त्याला तुमच्या बहिणीने दारातूनच वाटेला लावले. कॉम्प्युटर आपला झाला.

शेवटचे ता. क. घरचा कर्ता पुरुष म्हणून मीही पुष्पलतेला माझे नाव लिहायला सांगितले. आतापर्यंत तिने तीनदा लिहिले. तिन्ही वेळा नेमके तेव्हाच आईला उकडले. स्टॅबिलायझर लवकर पाठवा.