मावशीचा उपास

३ जुलै

पोचलो एकदाचा. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून कॉलेजची मागची बाजू दिसते आणि तिथल्या तारेवर वाळत घातलेले पांढरे कोट. खोलीत कॉट, टेबल, खुर्ची आणि भिंतीला दोन खिळे. एका खिळ्यावर देवाची तसबीर लावली, दुसऱ्यावर माझा नवाकोरा पांढरा कोट. दोघांनाही हात जोडले.

निघताना हिनं पुन्हा ऐकवलंच, की या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात आणि आमचे हे पाठीला दप्तर लावतात. मी म्हणालो, दप्तर काही गुडघ्यानं उचलायचं नसतं. हसली, पण डोळे पुसून हसली.

इतकी वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. लोक तपासणीचे कागद घेऊन यायचे, जरा बघा हो म्हणायचे. मी आकडे वाचून दाखवायचो. आकड्यांमागे माणसाच्या आत काय चाललंय, ते मलाही कळायचं नाही. ते कळून घ्यायचंय. जैववैद्यकशास्त्राची पदवी, पुरी, पहिल्या वर्षापासून. धाकटीचं लग्न झालं, दुकान पुतण्या बघतो. आता कोण आडवं येतं ते बघू.

दारातल्या यंत्रात उजवा अंगठा नोंदवून घेतला. रोज आत जाताना तो टेकवायचा, तीच हजेरी. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येत नाही. गंमत वाटली. माझे वडील अंगठेबहाद्दर. पोरावर कुठेही अंगठा टेकवायची पाळी येऊ नये म्हणून आईनं मला शाळेत घातलं, आणि पदवीच्या दारात पहिलं काम तेच. अंगठ्यावर तिरका व्रण आहे, दुकानात इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना झालेला. यंत्रानं तो व्रणासकट घेतला.

१९ जुलै

पहिल्या तासाला वर्गात शिरलो तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं सर आले. मी जाऊन शेवटच्या बाकावर बसलो तेव्हा जो हशा पिकला, त्यात मीही होतो. आता सगळे काका म्हणतात.

प्रयोगाला माझी जोडीदार एक जाड भिंगाची मुलगी आहे. वर्ग तिला चष्मिष म्हणतो, तिनंही ते नाव पत्करलंय. पिपेट धरायला तिनं शिकवलं. माझा हात हलला की म्हणते, काका, चहा कमी करा. मी तिला बजावलंय की आधी तू चहा करायला शीक, मग माझा कमी कर.

सगळ्यात आवडली ती पेशी वाढवायची खोली. एक कपाट आहे, आत बरोबर माणसाच्या अंगाइतकी ऊब. त्यात चपट्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या, तळाशी जिवंत पेशी, वर गुलाबी पाणी. पेशी खात गेल्या की पाणी पिवळं पडतं. पिवळं झालं की भूक लागली समजायचं, जुनं पाणी काढून नवं घालायचं. वरच्या फळीवरची बाटली फार जुनी. ज्या कुणा बाईच्या अंगातून त्या पेशी काढल्या, ती कधीच गेली म्हणे. माय मरो पण मावशी जगो, असं म्हणत कुठल्याशा जुन्या वर्गानं बाटलीला मावशी नाव ठेवलं. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांनी पाळीपाळीनं तिला भरवायचं, हा इथला रिवाज. मावशी उपाशी राहता कामा नये, असं प्रयोगशाळेच्या बाईंनी सगळ्यांना बजावलं. बाई माझ्याच वयाच्या आहेत, कडक पण जीव लावून शिकवतात. हातातले मोजे मात्र कधी काढत नाहीत.

११ ऑगस्ट

आज माझी पाळी होती. गुलाबी पाण्यात काय काय असतं ते बाईंनी सांगितलं. साखर, क्षार, आणि वासराच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी. त्याशिवाय पेशी वाढत नाहीत.

वासराचं रक्त ऐकून मला कसंतरीच झालं. विज्ञानाला त्याची गरज असेल, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या हातून ते नको. सकाळीच दुसऱ्या तासाला रक्ताचा प्रयोग झाला होता आणि माझ्या रक्ताची एक नळी उरली होती. मी विचारलं, वासराऐवजी माझं चालेल का. कुणाचा जीव घेऊन भरवण्यापेक्षा आपल्यातलं दिलेलं बरं.

मला वाटलं, बाई रागावतील. त्यांनी नळ्यांचा स्टँड माझ्याकडे सरकवला. चष्मिष कुजबुजली, काका, मावशीला तुमची चटक लागेल हं.

भरवताना मनात देवाचं नाव घेतलं. घरी कुणाला वाढतानाही घेतो, सवयच आहे.

२५ ऑगस्ट

मावशी जोमात आहे. आजही भरवलं, माझ्याच सीरमवर. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी लांबट, एकमेकींना चिकटून वळणं घेत गेलेल्या. शेतात नांगराचे तास वळावेत तशा. बघताना डोळे निवले.

यंत्रानं आज माझा अंगठा दोनदा नाकारला. पुन्हा प्रयत्न करा म्हणालं. कोटाला पुसून टेकवला तेव्हा घेतला. बाई कार्ड टेकवून आत जातात. त्यांचं बरं आहे.

९ सप्टेंबर

चार दिवस हजेरी लागलेली नाही. मी वर्गात असतो, यंत्राच्या मते नसतो. कार्यालयातल्या कारकुनानं माझा अंगठा उजेडात धरला आणि विचारलं, काका, भांडी घासता की काय. रेषा झिजल्यात म्हणाला.

खोलीवर येऊन खिडकीशी नीट पाहिलं. रेषा पुसट झाल्या आहेत ते खरंच. पण व्रणही नाही. रेषा झिजतात एक वेळ. टाके घातलेला व्रण झिजत नाही.

१२ सप्टेंबर

आज दुपारी मावशीला भिंगाखाली ठेवलं. वळणांच्या मधून एक तिरकी फट गेलेली आहे. पेशी तिच्या दोन्ही बाजूंना थबकतात, ओलांडत नाहीत. मी अंगठा शेजारी धरला. आता तो गुळगुळीत, पण तो व्रण मी वर्षानुवर्षं पाहिलेला आहे. तीच लांबी, तोच उतार, खालच्या टोकाला हुकासारखा तोच छोटा आकडा.

बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, दाटी झाली की पेशी अशी वळणं घेतातच, पुस्तकात चित्र आहे. खरंच आहे, मी पाहिलं. मग मी फटीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही थकला आहात, या वयात झेपत नसेल तर घरी जा, कुणी नावं ठेवणार नाही.

मी बाटली सरकवत गेलो. कडेला आणखी वळणं आहेत, जुनी, एकावर एक चढलेली. ती माझी नाहीत.

बाईंना म्हटलं, मोजे काढून दाखवता का. त्या दिवा मालवून निघून गेल्या.

१५ सप्टेंबर

मला भूक लागते. जेवण झाल्यावरही लागते. आज प्रयोगशाळेत तोंडाला आंबट चव आली, उठून कपाटात पाहिलं तर बाटलीतलं पाणी पिवळं पडलेलं. कुणीतरी येऊन भरवलं, आणि बाकावर बसल्या बसल्या माझी भूक गेली.

हिला फोनवर एवढंच सांगितलं की अंगठा झिजलाय. म्हणाली, घरी या, दोन दिवस भाजीपाला निवडा, येतील रेषा परत. मग म्हणाली, आवाज लांबून येतोय तुमचा.

घरी जाणार नाही. एका बाटलीला घाबरून पदवी सोडली, असं आईला वर गेल्यावर कुठल्या तोंडानं सांगू?

२० सप्टेंबर

ठरलं. ब्लीच ओतलं तर मावशी मरेल, पण माझं जे आत आहे ते तिच्याबरोबर जाईल. मला ते परत हवंय. तिला उपाशी ठेवायचं, म्हणजे गिळलेलं सोडेल.

आठवड्यातून एक दिवस मी पाण्यावर काढतो, वडील गेल्यापासून. उपास काय असतो मला ठाऊक आहे. तिला आजवर कुणी एक घास चुकू दिलेला नाही.

सगळ्यांच्या पाळ्या मी मागून घेतल्या. मुलं खूश झाली. चष्मिष म्हणाली, काका, परीक्षेआधी पुण्य जमवताय वाटतं.

२३ सप्टेंबर

पाणी पिवळं. मी काही खात नाही. खाल्लं तरी तिची भूक जात नाही, मग माझी तरी का भागवू. पोटात हात घालून कुणी पिळतंय असं होतं. कपाटासमोर बसून नाम घेतो. बाई दारात येऊन पाहून गेल्या. हात मागे धरलेले. आत आल्या नाहीत.

२५ सप्टेंबर

अंगठ्यावर एक रेषा आली. मग दुसरी. पेशी तळ सोडून तरंगायला लागल्यात.

जिन्यात बसून बसून चढतो. चढतो पण.

मावशी, तू बस जेवणाची वाट बघत. मी पंगतीत शेवटी बसणारा माणूस आहे.

२७ सप्टेंबर

व्रणाचं टोक दिसतंय, खालचा आकडा. यंत्रानं आज पाचव्या वेळी घेतला. हजेरी लागली. तिथेच भिंतीला टेकून हसलो. कारकून म्हणाला, काका, आधी काहीतरी खाऊन घ्या.

आणखी दोन दिवस. फार तर तीन.

२८ सप्टेंबर

सकाळी ढेकर आला.

मी काही खाल्लेलं नाही. पोट भरलेलं, तोंड गोड, हातापायांत ऊब. अंगठा गुळगुळीत.

कुणीतरी भरवलं तिला.

धावत गेलो. बाटलीतलं पाणी गुलाबी, गडद गुलाबी. चष्मिष शेजारी उभी, दंडाला कापूस धरून. म्हणाली, बाई सांगत होत्या, काकांना आजकाल बरं नसतं, पाळी विसरले. सीरम संपलं होतं. म्हणून तुमच्यासारखंच केलं मी, माझंच दिलं. रागावू नका ना काका, मेली असती तर तुमचं नाव खराब झालं असतं.

तिचा अंगठा पाहिला. अजून आहे. सगळा आहे. भिंगाखाली तिचं वळण अजून उमटलेलं नाही.

२८, दुपार

चष्मिषला चक्कर आली. म्हणते, काका, एकदम भूक लागली हो, पोटात कुणी ओढतंय. आत्ताच भरवलंय, तरी पाणी पिवळं व्हायला लागलंय. मावशी आता आम्हा दोघांचं खाते.

उपास मी काढीन. या पोरीचा नाश्ता चुकला तरी तिला कापरं भरतं. नाही निभायची.

म्हणजे ब्लीच. आजच, तिची रेषा उमटायच्या आत. माझं जे आत आहे ते जाईल.

तिला घरी धाडलं. म्हटलं, आईच्या हातचं जेव, आणि काही झालं तरी पुन्हा या बाटलीला हात लावू नकोस. वर म्हणाली, काका, तुम्ही अगदी माझ्या बाबांसारखे कटकटे आहात.

२८, त्यानंतर

ओतलं.

पेशी पुरत्या मरेपर्यंत थांबायचं असतं, बाईंनीच शिकवलंय. बाकावर वही घेऊन बसलो आहे. दाराला आतून कडी. बाई बाहेरून काच वाजवताहेत, मोजे न घालता. बोटं गुळगुळीत, अंड्यासारखी. रडताहेत. म्हणताहेत, माझंही आहे हो त्यात.

असेल. पण या पोरीचं नको.

पाणी आधी पांढुरकं, मग बेरंग. पेशी गळताहेत. हात पेटलाय, मनगटापर्यंत — आता कोपर. देवा, तू आहेस ना इथं. असशील.

फोन वाजतोय. चष्मिष. भूक थांबली म्हणाली. एकदम थांबली काका. विचारत होती, तुमचा आवाज असा का —

फोन खाली पडला. बोटं धरत नाहीत. पेन मुठीत धरलंय, पहिलीतल्या पोरासारखं.

अंगठा गेला तर गेला. मावशी, तुला वाटलं अंगठा म्हणजेच मी. वडिलांकडे तेवढाच होता. मला आईनं शाळेत घातलंय. मी सही करतो. ती तुला घेता आली नाही, ती रक्तात नसते. हजेरी या वहीत लावतो, पूर्ण नावानिशी, ही बघ —