शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास

प्रिय आपटेकाका,

तुमच्या तेराव्याला आले, काकूंसमोर मान खाली घालून बसले आणि तशीच परत गेले. तेव्हा जे तोंडातून फुटलं नाही, ते आज लिहितेय. आजच, कारण उद्या सकाळच्या शिफ्टला तुमच्या कारखान्यातल्या नव्या कामगारांसाठी आपला ऑनलाइन कोर्स सुरू होतोय. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात घालण्याआधी काय करायचं, ते शिकवणारा. त्यात एक चूक आहे, काका. ती आहे तुमच्या नावावर आणि केलीय मी.

किती मागे लागायचे मी तुमच्या! शाहपुऱ्यातल्या ऑफिसातून रोज एक मेल. एकालाही उत्तर नाही. शेवटी "काका, फक्त दहा मिनिटं," म्हणत गोविंदपुऱ्यात तुमच्या कारखान्यात येऊन उभी राहायचे, की तुम्ही हसायचात. "आली बघा दहा मिनिटंवाली! अगं, दस मिनिटांत हात जातो, काम नाही समजत. बस इथे, चाय पी, पहिले मशीन बघ."

मला मशीन बघायचं नव्हतं. मला तुमचा होकार हवा होता.

तुमचाही राग येतो हो! सगळं डोक्यात आणि कागदावर एक ओळ नाही. एकदा तरी लिहून द्यायचंत ना?

मग मी आमच्या कोर्स बनवण्याच्या धंद्यात सगळे करतात तेच केलं. कोर्सची पानं तुम्हाला पाठवली आणि खाली लिहिलं, 'शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास मंजूर समजू.' मौन म्हणजे संमती! बुधवारी तुमचा व्हॉइस मेसेज आला, मागे प्रेसचा धडधडाट. "ते सातवं पान... असं नाही होत ते. रुक, येऊन सांगतो." मला वाटलं, नेहमीची टाळाटाळ.

गुरुवारी तुम्ही दवाखान्यात होतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मी तुमच्या नावापुढे 'मंजूर' लिहिलं. शनिवारी तुम्ही गेल्याचं कळलं. खूप रडले. पण ते 'मंजूर' पुसलं नाही, काका! कळल्यावरही नाही.

आज दुपारी राहवेना, म्हणून सातवं पान घेऊन तुमच्या जुन्या ऑपरेटरकडे, रईसभाईंकडे गेले. त्यांनी वाचलं. वीज बंद करा, स्विचला कुलूप लावा, साचा काढा.

"मॅडम, ये आपटेसाहब ने पास किया? वो तो चक्का रुके बगैर किसी को पास फटकने नहीं देते थे."

त्यांनी बटण बंद करून दाखवलं. वीज गेली तरी ते जड चाक फिरतच होतं. तेवढ्या वेळात प्रेस एकदा खाली येऊ शकते, म्हणाले. मी उभी राहून बघत होते. थांबतच नव्हतं हो ते! माझे हात आपोआप पाठीमागे गेले. हेच दाखवायचं होतं ना तुम्हाला?

ऑफिसात परत येऊन आमच्या मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, "अभी चलने दो, बाद में ठीक कर लेंगे. साहब का अप्रूवल तो है ना?"

"नाही," मी म्हणाले. ते अजून ऐकत नाहीत. साडेचार वाजलेत. पाचला कारखान्याच्या लोकांबरोबर मीटिंग आहे आणि तिथे मला सगळ्यांसमोर सांगायचंय की होकार तुमचा नव्हताच, मी तो परस्पर लिहिला. नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही.

पण सातवं पान मी कोर्समधून काढून टाकलंय. तुमच्या नावापुढचं 'मंजूर' पुसलंय आणि तिथे लिहिलंय, 'आपटेसाहेबांनी सातवं पान पाहिलं होतं. असं नाही होत, म्हणाले होते.' पाच वाजता हेच मोठ्याने वाचणार आहे.

आणि काका, यापुढे कुणाच्या गप्प राहण्याला मी होकार समजणार नाही. मशीनपाशी येऊन बसेन, चहा पिईन, चाक पूर्ण थांबेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
दहा मिनिटंवाली मृण्मयी