श्रियाला कोणी उचललं नाही

ती. अहिल्याताईस,

बंडूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नागपूरच्या नव्या वैद्यांच्या तेलाने उतार पडला असेल, आणि नसेल पडला तर तो राग माझ्यावर काढू नकोस, कारण आधीचाच पुष्कळ शिल्लक आहे असं ऐकतो. इकडे सर्व क्षेम (घोटाळा सोडून).

मुद्द्याचं आधी सांगतो. तुझ्या लेकीला कोणी पळवलेलं नाही. श्रिया पोर्तुगालात आपल्या नोकरीवर सुखरूप आहे, आणि ज्याच्याशी ठरलेलं तिचं लग्न तू गेल्या आठवड्यात मोडीत काढलंस, तो तियागो माझ्या ओसरीवर बसून पोहे खातो आहे. सगळा दोष एका इंग्रजी क्रियापदाचा आहे.

तुझ्यासमोर येण्याआधी मामाची परीक्षा द्यावी, म्हणून श्रियानेच त्याला इकडे बालाघाटला माझ्याकडे धाडलं. त्याच्याजवळ इंग्रजी शब्द टिपायची एक वही असते. त्यांच्या भाषेत म्हणे उचलायला एक शब्द, माणसाला आणायला जायचं तर दुसरा, भाषा कानावर पडून शिकली तर तिसरा. इंग्रज मात्र सगळीकडे एकच 'पिक अप' लावतो. (एकतीस वर्षं सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून मला ही अडचण आली नाही, कारण पोरांनी कधी विचारलंच नाही.) मी त्याला गोंदिया स्टेशनवर निरोप पाठवला, 'पुनाराम विल पिक यू अप.' आपला पुनाराम गेला तो मालाची पिकअप घेऊन, मागे तांदळाची पोती. गाडीचं नाव ऐकून तियागोने कौतुकाने वहीत टिपलं. पुढे चढावर गाडी धापा टाकू लागली तसा पुनाराम म्हणाला, "काय करू साहेब, पिकअपले पिकअपच नाही राह्यला." ते पान त्याने इतकं खोडलं आहे की पलीकडचं दिसतं.

संध्याकाळी शेजारच्या पुष्पलताबाई पाहुणा बघायला आल्या. "याले आपली श्रिया कुठं भेटली, विचारा ना," असा त्यांचा धोशा. त्याने सरळ सांगितलं, की तिची बस चुकली होती, ती एकटी उभी होती, मी तिला पिक अप केलं. याचं मराठी झालं ते असं: रस्त्यावर एकटी पोरगी पाहिली आणि यानं उचलली. (शब्दाला शब्द बरोबर आहे, खोट काढता येणार नाही.) बाईंनी कप खाली ठेवला. "अन् हसून सांगून राह्यला," एवढंच म्हणाल्या आणि घरी जाऊन त्यांनी तुला फोन लावला.

ताई, त्याने तिला दारापर्यंत सोडलं आणि ती आत जाऊन खिडकीतून हात हलवीपर्यंत खाली थांबला. हे मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. स्वतःहून सांगत नव्हता. पोरगा चांगला आहे. मला फार आवडला.

तुझा धाकटा,
बंडू

ता. क. पुष्पलताबाईंना बोल लावू नकोस. त्यांना इंग्रजी कुठलं येतंय? ते भाषांतर मी केलं होतं.

आणखी एक. हे सारं दोन मिनिटांत तोंडी सांगता आलं असतं. पण आठ दिवस तू माझा फोन घेत नाहीस, आणि काल कळलं की श्रियाचाही घेत नाहीस. माझा नाही घेतलास तरी चालेल. ती तिकडे रोज रडते आहे. रविवारी सकाळी दहाला ती पुन्हा करील. तेवढा उचल. इथे या शब्दाचा एकच अर्थ आहे.