अठरा ते तीनशे

नळदुर्ग,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतीक्षा हिस बंडप्पामामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. फोन असताना मामा पोस्टात का गेला, तर फोन आता माझा राहिलेला नाही. तुझी आई बेंबळीहून माझ्याकडं राहायला आली आहे आणि फोन तिच्या मांडीवर असतो. वाजला की समर्थचाच असं धरून ती उचलते. गिऱ्हाइकानं हॅलो म्हणायच्या आत विचारते, कुठं हायेस रे लेकरा. लग्नाच्या फोटोंच्या दोन ऑर्डरी अशा गेल्या. तिच्यासमोर तुझ्याशी बोलता येत नाही, आणि बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच.

ढोकीकडच्या उसातल्या विहिरीत जानेवारीत जे प्रेत सापडलं, ते समर्थचंच असं तुझ्या आबांनी, आमच्या दाजींनी, मनाशी ठरवून टाकलं आहे. रक्ताच्या तपासणीचा अहवाल अजून आलेला नाही. दाजी म्हणतात, तो येईल तेव्हा येईल, येरमाळ्याची चैत्रातली जत्रा झाली की पोराचे दिवस घालून मोकळं व्हायचं. मला वाटतं दाजींना झोप येत नाही. दीड वर्षापूर्वी तुझ्या भावाचा झाडाखाली डोळा लागला, मेंढरं हायवेवर चढली आणि ट्रकखाली गेली, तेव्हा दाजीच त्याला म्हणाले होते की मला परत तोंड दाखवू नको. तेवढ्या वाक्यावर पोरगं उठून गेलं. आता ते वाक्य पुरून टाकायची घाई दाजींना झाली आहे.

अक्का म्हणते, तो जित्ता आहे आणि चैत्रात येणार. तिचा नवस तुला ठाऊक आहे. पोर जगलं तर जगेल तोवर दरवर्षी जत्रेत चुन्याच्या रानात पाच खडे वेचून आईच्या पदरात टाकील, आणि ती ते देवीच्या ढिगावर वाहील. तो एकही चैत्र चुकला नव्हता. गेल्या वर्षी आला होता का ते देवीलाच ठाऊक, कारण दाजींनी अक्कालाच जाऊ दिलं नाही.

दाजींनी शेवटी एक कबूल केलंय. जत्रेत त्याचं तोंड ओळखू येईल असा फोटो आणला, तर दिवस घालणार नाहीत. लाखाच्या गर्दीत एक तोंड. माझ्याकडं कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी लेन्स आहे, तिच्यात नवरानवरी स्टेजवर असली तरच ओळखू येतात. सोलापूरचा दुकानदार म्हणतो एकच मोठी झूम घ्या, त्याचा भाऊ म्हणतो दोन घ्या. तू शिकलेली आहेस. कोणती घेऊ ते सांग, आणि उशीर करू नकोस.

मामाला विसरू नकोस एवढंच मागणं.
तुझा बंडप्पामामा


पुणे,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी इथं कारखान्यात बाटल्यांची झाकणं नीट बसली आहेत का हे कॅमेऱ्यानं तपासणारी यंत्रं बसवते. माणसं तपासण्याचा अनुभव मला नाही, पण हिशोब तोच आहे.

तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र आडवं सहा हजार बिंदूंचं असतं. लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. माणूस शंभर मीटरवर असेल आणि लेन्स तीनशेची असेल, तर चेहऱ्याच्या वाट्याला साधारण एकशे पंधरा बिंदू येतात. घरच्या माणसाला ओळखायला ते पुरतात. अठरा ते एकशेचाळीस ही लेन्स जास्त स्वच्छ चित्र देते, पण तिच्यात तोच चेहरा पन्नासएक बिंदूंचा होईल. त्यात कोणाचाही कोणीही दिसतो. सत्तर ते तीनशे घेतली तर लांबचं चांगलं मिळेल, जवळचं अजिबात नाही. मग दुकानदाराचा भाऊ म्हणतो तशा दोन लेन्स लागतील आणि त्या रानातच बदलाव्या लागतील. चुन्याच्या धुळीत कॅमेरा उघडायचा नाही. एक कण आत बसला की दिवसभराच्या प्रत्येक फोटोत डाग येईल, आणि लेन्स बदलायच्या अर्ध्या मिनिटात माणूस निघून जाईल.

म्हणून अठरा ते तीनशे. ही लेन्स सगळं थोडंथोडं करते आणि काहीच उत्तम करत नाही. कडांना चित्र मऊ पडतं, तीनशेवर उजेड कमी घेते. कारखान्यात मी ती नापास केली असती. पण तुम्हाला एकाच जागी उभं राहून, लेन्स न काढता, जवळचं आणि लांबचं दोन्ही बघायचं आहे. त्या कामाला दुसरी नाही. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय आतच असलेली बघून घ्या. घेण्याआधी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून चारही कोपरे वाचता येतात का ते पाहा.

आईला जेवायला लावा.

आपला लोभ आहे तसाच राहावा.
आपली प्रतीक्षा


नळदुर्ग,
१२ मार्च २०२५

चि. प्रतीक्षा हिस आशीर्वाद.

लेन्स आणली. वर्तमानपत्र वाचून झालं, मग दुकानाच्या दारातून समोरच्या ढाब्यावर लावली. कालची भाजी आज परत फोडणीला पडताना स्पष्ट दिसली. लेन्स पास, ढाबा नापास. अक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग तिनं कॅमेरा मागून घेतला आणि हायवेवरच्या प्रत्येक ट्रकचा क्लीनर बघत दुपारभर दारात बसली. डोळा लाल झाला तरी सोडीना. शेवटी मी म्हणालो, अक्का, बॅटरी संपली. संपली नव्हती.

आता तुझं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लेन्स आहे, चुना आहे, झाकणं आहेत. समर्थचं नाव एकदाही नाही. पाठच्या भावाला बाटलीचं झाकण केलंस पोरी. तुझी आई मला विचारते, प्रतीक्षाला काय वाटतं, आपला हाय का न्हाय. मी काय सांगू? तुझ्या मनात काय आहे ते तुझ्या आईलाही कधी कळलं नाही आणि मलाही नाही. लहानपणी पडलीस तरी आधी जखम मोजायचीस, मग रडायचीस. आता तर रडायचंही सोडलंस.

दाजींनी दिवस घालायला पौर्णिमेनंतरचा महिना धरला आहे. भावकीला निरोप गेलेत.

रागावलो तरी मामाच आहे.
बंडप्पामामा


पुणे,
२० मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जानेवारीत आबांबरोबर ढोकीला प्रेत बघायला मीच गेले होते. आबा बाहेर थांबले. मी आत गेले. उंची जुळत होती. समर्थच्या डाव्या हाताचं पहिलं बोट लोकर कातरताना अर्धं तुटलं होतं, ते बघितलं की निकाल लागेल असं धरून मी गेले होते. पाण्यात इतके दिवस राहिल्यावर बोटं बघण्यासारखी राहत नाहीत हे मला तिथं कळलं. बाहेर आले तेव्हा आबांनी माझ्याकडं बघितलं आणि मी काहीच बोलले नाही. आबांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. मला तेव्हा हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणता येत नव्हतं. अजूनही येत नाही. आईला मला काय वाटतं ते सांगू नका, कारण मला जे वाटतं ते तिला ऐकवण्यासारखं नाही.

लेन्सचा हिशोब मी चार वेळा केला. एकदा पुरला असता. त्यावरून काय समजायचं ते समजा.

आता जत्रेचं. तुम्ही रानाच्या कडेच्या उंचवट्यावर उभे राहा. ऊन पाठीशी घ्या. तीनशेवर गर्दी डावीकडून उजवीकडं ओळीनं टिपत जा. प्रत्येक फेरीच्या आधी अठरावर सगळ्या रानाचा एक फोटो घ्याच, म्हणजे लांबचा कोणता चेहरा रानात कुठं होता हे मला जुळवता येईल. तो नकाशा समजा. आईला ढिगाजवळ एकाच जागी उभी करा, तोंड तुमच्याकडं. पदर उघडा धरून तिनं हलायचं नाही. ती माझी खूण असेल, तिच्यापासून मी अंतरं मोजीन. तुम्ही बाकी कशाकडं बघू नका, लांबच बघा. तो आला तर लांबच थांबेल.

मला सुट्टी मिळत नाही. नवीन यंत्र त्याच आठवड्यात चालू होतंय.

कळावे, आणि कठोर समजू नये.
आपली प्रतीक्षा


नळदुर्ग,
१६ एप्रिल २०२५

चि. प्रतीक्षा हिस आशीर्वाद.

काही नाही मिळालं पोरी.

तू सांगितलंस तसंच केलं. पालखी रानात आली तशी धूळ उठली ती दुपारपर्यंत बसली नाही. माणसं वाकलेली, खडे वेचणारी, सगळ्यांच्या पाठी. तोंड वर करतील तेव्हा टिपत होतो. समर्थसारखे तिघे दिसले, तिघेही दुसऱ्याचे. कॅमेऱ्यातलं कार्ड सोबत पाठवतोय. मी घरी मोठं करून सगळे लांबचे फोटो बघितले, अक्कानं बघितले. आता तू बघ, पण आस धरू नकोस.

अक्का दिवसभर माझ्याकडं तोंड करून उभी होती, पदर पसरून, खांबासारखी. धक्के खाल्ले, हलली नाही. संध्याकाळी खुळ्यागत बोलायला लागली. म्हणे मी माझे पाचच वेचले होते, समर्थचे वेचायला वाकणार होते, तर पदरात दहा निघाले. मी म्हणालो, अक्का, रोज पैसे मोजतानाही तुझं असंच होतं. ढिगावर सगळे वाहून आली. मग माझ्याकडं न येता बसमध्ये बसली आणि बेंबळीला गेली. फोन माझ्या हातात ठेवून गेली. गेले दोन दिवस तो माझ्याकडं आहे आणि मला तो बघवत नाही.

दाजींनी पाच मे धरला आहे. तुला यावं लागेल.

सांभाळून राहा, आमचा जीव तुझ्यात आहे.
बंडप्पामामा


पुणे,
२४ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्यानं वाचू नका.

मी लांबचे सगळे फोटो बघितले. तुमचं बरोबर आहे, त्यांत तो नाही. काल सकाळी ते आवरून ठेवत होते. अठरावरच्या फोटोंकडं मी फोटो म्हणून एकदाही बघितलं नव्हतं, फक्त नकाशा म्हणून. त्यांतल्या चौथ्यात आईची जागा मोजायला मोठं केलं.

आई तुमच्याकडं तोंड करून उभी आहे. तिच्या मागं, अगदी खांद्याला लागून, एक माणूस आहे. डोक्यावरून उपरणं घेतलंय, मान खाली, तोंड दिसत नाही. त्याचा डावा हात आईच्या बगलेजवळून पुढं आलाय आणि तिच्या पदरावर आहे. पुढच्या अठराच्या फोटोत तो नाही. मधल्या वेळात तुम्ही तीनशेवर रानाचा पलीकडचा काठ टिपत होता, कारण मी तसं सांगितलं होतं. आई मागं वळली नाही, कारण मी तसं सांगितलं होतं.

मामा, या फोटोत चेहरा नाही. तो हात नऊ-दहा बिंदूंचा आहे, एक बोट दोन बिंदूंचं. अर्धं बोट की पुरतं, हे दोन बिंदूंवरून कोणालाही सांगता येणार नाही. हा फोटो माझ्यासमोर कामावर आला असता तर मी पुरावा म्हणून घेतला नसता.

पण पदरात दहा निघाले. दुसऱ्या कोणाच्या आईच्या पदरात कोणी खडे टाकत नाही. सगळे आपले आपण ढिगावर वाहतात. आपल्या घरचाच नवस असा उलटा आहे, आणि तो उलटा आहे हे पाच माणसांना ठाऊक आहे. त्यांतला एक तुम्ही, उंचवट्यावर होता.

आईला फोटो दाखवू नका. आधी फक्त विचारा, धक्का कोणत्या बाजूनं लागला होता. उत्तर मला फोनवर कळवा. फोन आता तुमच्याकडं आहे.

आपली
प्रतीक्षा


बेंबळी,
४ मे २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा फोन आला तेव्हा मी यंत्राजवळ होते. डावीकडून, एवढंच तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात. मी परवा इथं आले. फोनवर सांगितलं असतं, पण आई आता माझा फोन घेऊन बसली आहे.

फोटो मोठा छापून आणला होता. आबा वाड्यात मेंढरांजवळ होते. मी त्यांना आधीच सांगितलं की तुमच्या अटीप्रमाणं हा फोटो धरता येत नाही, यात तोंड नाही. अहवालही अजून आलेला नाही, आणि मी शंभर टक्के सांगू शकत नाही. ढोकीला मी गप्प राहिले होते, म्हणून या वेळी मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सगळं बोलले.

आबांनी फोटो उन्हात नेला. बराच वेळ धरून होते. मला वाटलं हात बघतायत, पण ते त्याचे पाय बघत होते. अनवाणी होता. मग म्हणाले, तोंड कसं दिसंल. मीच म्हणालो न्हवं का, दाखवू नको म्हणून. पोरगं ऐकतंय अजून माझं.

उद्याचं रद्द केलंय. भावकीतल्या कुलदीपदादानं विचारलं की काय सापडलं. आबा म्हणाले, पाच खडे सापडले.

तुमची लेन्स विकू नका, ती तिच्या कामाला चांगली आहे. पण पुढच्या चैत्रात ती आणू नका. आबांनी तसा निरोप द्यायला सांगितलाय. ते स्वतः येणार आहेत. आईच्या शेजारी उभे राहणार, ढिगाकडं तोंड करून, गर्दीकडं पाठ करून. मी म्हणाले, तो तुमच्याजवळ येईल असं कशावरून. त्यावर आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांत पसरून धरलं, आणि मला म्हणाले, माझ्या मागनं येऊन बघ, हात पुरतो का.

मी मागून गेले. पुरतो, मामा.

तुमची माया आम्हा सगळ्यांवर आहे, ती चैत्रापर्यंत जपून ठेवा.
आपली
प्रतीक्षा